आगोटीची बेगमी बदलापुरात कशी करायची?

वाचक भगिनीचं पत्र

ताई, आम्ही बदलापूरला वरच्या मजल्यावर वन-बीएचकेत राहतो. मी, मिस्टर, दोन मुलं आणि सासूबाई. दिवाळीपासून मिस्टरांच्या कारखान्यातला ओव्हरटाइम बंद झाला आणि घरात येणारे पैसे बरेच कमी झाले. मी घरी फॉल-बिडिंग करते. आता ठरवलंय की वर्षाचं धान्य, मसाला, लोणची, पापड, वाळवण सगळं घरी करायचं आणि किराण्याचा खर्च अर्ध्यावर आणायचा. पण गेल्या मे महिन्यात पन्नास किलो गहू घेतला, त्याला ऑगस्टमध्ये टोके लागले. सासूबाईंना बीपी आहे म्हणून लोणच्यात मीठ निम्मं घातलं, तर बरणीला बुरशी आली. व्हिडिओंमध्ये भाज्या वाळवायचं विजेवरचं यंत्र दाखवतात, अमेरिकेतल्या बायका शिजवलेल्या भाज्या काचेच्या बाटल्यांत हवाबंद करून वर्षभर ठेवतात. यंत्र हप्त्यावर घेऊ का? बाल्कनीत भाजी लावू का? मिस्टर म्हणतात, बाजारात सगळं मिळतं, हे उपद्व्याप कशाला. पुढे यातलं काही विकता येईल का? कुठून सुरुवात करू?
ता. क. त्या गव्हातला सात-आठ किलो अजून उरलाय. त्याचं काय करू?

उत्तर

ताई,

यंत्र हप्त्यावर घेऊ नका. घरातले पैसे कमी झालेत आणि तुम्ही ते वाचवायला निघालाय. अशा वेळी पहिलं पाऊल कर्जाचं नको. तुमच्याकडे गच्ची आहे, मार्च-एप्रिलचं ऊन आहे आणि जिने हे सगळं आयुष्यभर केलंय अशी सासू आहे. सुरुवातीला एवढं भांडवल पुष्कळ झालं.

दुसरी गोष्टही आताच सांगते, म्हणजे नंतर हिरमोड होणार नाही. खर्च अर्ध्यावर येणार नाही. तेल, साखर, चहा, दूध, गॅस यांवर जे पैसे जातात ते साठवणीने कमी होत नाहीत. फरक पडतो तो डाळ, तांदूळ, गहू, मसाला, चिंच-कोकम अशा जिनसांत आणि त्याहून जास्त पावसाळ्यातल्या भाजीत. जुलै-ऑगस्टमध्ये पालेभाजी महाग होते आणि घरी आणेपर्यंत निम्मी सडते. त्या दोन महिन्यांत घरात वाल, चवळी, सांडगे, वाळवलेली गवार, खात असाल तर सुकट-बोंबील असलं, की आठवड्यातले तीन-चार दिवस बाजारात जावं लागत नाही. कोकणपट्टीत आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची, खरेदी करायचे ती याचसाठी. तुमचं सगळं नियोजन त्या दोन-अडीच महिन्यांभोवती बांधा. वर्षभराचं सगळं घरी हा हट्ट सोडलात तर हे काम तुमच्या हातात राहील.

पैसे एकदम कुठून आणायचे, हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण तो पत्रात आहेच. म्हणून एका महिन्यात मोजकेच मोठे जिन्नस घ्या, तेही त्यांच्या हंगामात. तुरीची काढणी डिसेंबर-जानेवारीपासून सुरू होते आणि लातूर-अकोल्याच्या डाळमिलची नवी डाळ आत्ता बाजारात येतेय, तेव्हा या महिन्यात, फेब्रुवारीत, डाळ. मार्चमध्ये मिरची-मसाला आणि कडवे वाल. एप्रिलमध्ये गहू आणि उन्हाळी कांदा. मेच्या पहिल्या पंधरवड्यात कैरी, कोकम, सुकी मासळी. तांदूळ आता नको, तो डिसेंबरात. सासूबाईंचं माहेर मुरबाड-कर्जतकडचं असेल किंवा तिकडे कुणी ओळखीचं असेल, तर भाताची झोडणी झाल्यावर शेतकऱ्याकडूनच घ्या. पिशवीतल्या तांदळापेक्षा तो नक्कीच परवडतो.

डाळीबद्दल एक इशारा. हंगामात घेतलेली डाळ दर वर्षी स्वस्तच पडते असं नाही. आपल्याकडे तूर म्यानमार आणि आफ्रिकेतल्या देशांतून येते, सरकार आयातीचे नियम बदलत असतं, त्यामुळे कधी कधी जूनमध्ये भाव फेब्रुवारीपेक्षा खाली असतात. म्हणून वर्षाची डाळ भरू नका, चार-पाच महिन्यांची भरा. अर्धा-अर्धा किलोच्या पुड्या आणताना जे जास्तीचे पैसे जातात, तेवढे तरी हमखास वाचतात.

आता गव्हाचं. तुमचा गहू का किडला हे पत्रावरूनच कळतंय. मे महिन्यात घेतला, कदाचित गोणीतच राहू दिला, रोज त्यातून काढत गेलात आणि जूनपासून हवा ओली झाली. बदलापूरची हवा सोलापूर-नगरसारखी नाही. देशावर आजी कणगीत वर्षाचा गहू ठेवायची हे खरं, पण तिच्या अंगणातलं ऊन आणि तिथली कोरडी हवा तुमच्याकडे नाही. तुम्ही पन्नास किलो घेऊ नका. एप्रिलमध्ये घ्या आणि गणपतीपर्यंत पुरेल एवढाच घ्या.

किडीचं कारण समजून घेतलंत तर पुढचं सोपं आहे. दाण्यात ओल असली की किडा वाढतो, आणि डब्यात हवा असली की तो जगतो. म्हणजे कामं दोनच, ओल काढायची आणि हवा काढायची. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवायचे. तोंड माती-शेणाने बंद केलं की आतला प्राणवायू संपायचा आणि हळद वर्षानुवर्षं न किडता राहायची. २००५च्या महापुरात त्यातली बरीच पेवं गेली. पेव उघडल्याबरोबर माणूस आत उतरत नसे, कारण आत श्वास घ्यायला हवाच नसे. किडा मरतो तोही नेमका याच कारणाने.

तुमच्या घरात पेवाचं काम पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा करेल. गहू आधी चाळून-पाखडून घ्या, कारण फुटके दाणे आणि भुसा किड्याला फार आवडतो. मग सलग दोन-तीन दिवस कडक उन्हात पातळ पसरा. दाणा दाताखाली धरा. कट्‌ असा आवाज होऊन दोन तुकडे झाले तर वाळला. दबून चपटा झाला तर अजून एक दिवस. आता बहुतेक घरांत जे चुकतं ते सांगते. उन्हातून उचललेला गरम गहू तसाच डब्यात भरायचा नाही. आत वाफ धरते, रात्री ती झाकणाला पाणी होऊन खाली पडते आणि वरच्या थरातून बुरशी सुरू होते. संध्याकाळी घरात आणा, पंख्याखाली पसरून पार गार होऊ द्या, हात घालून बघा, मगच भरा. डबा काठोकाठ भरा. एका मोठ्या पिंपापेक्षा दहा-दहा किलोचे डबे बरे. एक उघडा वापरातला, बाकीचे सेलोटेप लावून बंद. बंद डबा त्याचा नंबर येईपर्यंत उघडायचा नाही, कौतुकाने बघायलासुद्धा नाही. आणि डबे भिंतीला टेकवून, फरशीवर ठेवू नका. खाली लाकडी पाट किंवा विटा घाला.

तूरडाळीला, मुगाला, वालाला एरंडेल तेल चोळा. किलोला साधारण एक चहाचा चमचा. हाताला तेल लावून डाळ अशी चोळायची की प्रत्येक दाणा चमकला पाहिजे, पण हात ओला दिसता कामा नये. भुंगेरे दाण्याच्या सालीवर अंडी घालतात. तेलाच्या थराने ती अंडी जगत नाहीत. शिजवण्याआधी डाळ दोनदा धुतली की तेल जातं. अख्ख्या कडधान्याला कीड डाळीपेक्षा फार लवकर लागते. म्हणून तूर अख्खी साठवू नका. वाल तर अख्खेच ठेवावे लागतात, त्यांना तेल किंवा सासूबाईंना माहीत असलेली चुलीची चाळलेली राख, दोन्ही चालतं. गव्हात कडुनिंबाचा पाला घालायचा असेल तर तो सावलीत कडकडीत वाळवून घाला. ओला पाला घातलात तर तुम्हीच डब्यात पाणी नेऊन ठेवलंत.

आणि एका बाबतीत मी हात जोडून सांगते. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात आणू नका. दुकानदार सहज काढून देतो, स्वस्त असतात, शेजारीण म्हणते आम्ही दर वर्षी घालतो. त्यांतून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघतो. तो गोदामासाठी आहे, तोही शिकलेल्या माणसाच्या हातून. एका खोलीत पाच माणसं झोपतात अशा घरात त्या गोळीने आख्खं कुटुंब जाऊ शकतं, गेलेलीही आहेत. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत, त्या फुटतात. बोरिक पावडर तांदळावरून निदान धुतली तरी जाते, गहू मात्र आपण न धुताच गिरणीत नेतो, तेव्हा तीही नको.

कांदा थोडक्यात. एप्रिल-मेचा उन्हाळी कांदाच टिकतो. पावसाळी लाल कांदा कितीही जपलात तरी टिकत नाही. मान बारीक आणि सुकलेली, वरचं साल कोरडं, असाच निवडा. गोणीत न ठेवता टोपलीत किंवा पलंगाखाली पेपरवर एकेरी पसरा, बटाट्याजवळ ठेवू नका. तुमच्या हवेत दोन-अडीच महिन्यांपेक्षा जास्तीचा घेऊ नका.

मसाला मात्र घरीच करा, इथे मी तुमच्या पूर्ण बाजूची आहे. मार्चमध्ये मिरची भरपूर येते. रंगाला बेडगी, तिखटाला लवंगी किंवा संकेश्वरी. प्रमाण सासूबाईंच्या जिभेचं धरा. देठ काढून मिरची इतकी वाळली पाहिजे की मुठीत दाबली तर कुरकुर वाजून चुरा होईल. लवचीक मिरची कुटली तर मसाला जुलैमध्ये गोळे धरतो. धणे, खडा मसाला मंद भाजून डंकावर न्या आणि कुटून झाल्यावर घरी आणून परातीत पसरून गार करा, कारण कुटतानाही मसाला तापतो. बरणीत भरताना दाबून भरा, मध्ये मध्ये हिंगाचे खडे ठेवा. खोबरं मसाल्यात घालून ठेवू नका. खोबऱ्याच्या तेलाला खवट वास लागला की पाच किलोचा मसाला वाया. ते लागेल तसं भाजून वाटा.

आता लोणचं. तुमच्या मनात बीपीचा विचार आला हे मला फार आवडलं, पण कात्री चुकीच्या ठिकाणी लावलीत. लोणचं टिकतं ते कैरीच्या आंबटपणावर आणि मिठावर. वरचं तेल फक्त हवा अडवतं. मीठ निम्म्यावर आणलंत तर जे उरतं ते वर्षाचं लोणचं राहत नाही, आठवड्याची कोशिंबीर होते. एक किलो फोडींना पाव किलोच्या थोडं आत, म्हणजे दोनशे ग्रॅमच्या आसपास मीठ लागतंच. त्यांना मीठ कमी करायचं तर त्यांच्या ताटातलं लोणचं कमी करा. त्यांच्यासाठी कैरीचा तक्कू आठवड्यापुरता करा, मेथांबा करा, गुळांबा-साखरांबा करा. गोडाच्या प्रकारांत टिकवण्याचं काम साखर करते, तिथे मिठाची गरज नसते. अर्थात साखरही निम्मी करायची नाही. शिजून झाल्यावर साठ टक्क्यांच्या वर साखर असेल तर साखरांबा टिकतो.

कैरी घेताना राजापुरीसारखी कडक, आंबट, बाठ धरलेली घ्या. धुऊन, पुसून, मग घरात पंख्याखाली दोन तास ठेवा. देठाच्या खळगीत पाणी राहतं, तिथे कापडाचं टोक फिरवून पुसा. बहुतेक बरण्या या थेंबभर पाण्यानेच बिघडतात. फोडींना मीठ-हळद लावून एक रात्र ठेवा. तेल धूर येईपर्यंत तापवा आणि पूर्ण गार झाल्यावरच घाला. बरणी काचेची किंवा चिनी मातीची, उन्हात तापवलेली. लोणचं दाबून भरा आणि फोडींच्या वर एक बोट तेल उभं राहिलं पाहिजे. पंधरा दिवसांनी फोडी तेल पितात आणि वर डोकं काढतात, तेव्हा परत तेल तापवून, गार करून वर ओता. रोजच्यासाठी छोट्या बाटलीत काढा, मोठ्या बरणीत कोरडाच चमचा आणि तोही आठवड्यातून एकदा. बुरशी आलीच, तर वरची काढून खालचं खाऊ नका. डोळ्यांना दिसते ती वरची, तंतू खाली गेलेले असतात. तुम्ही ती बरणी टाकली असेल, तर बरोबर केलंत.

वाळवणाला यंत्र लागत नाही, पण तारीख लागते. मेच्या शेवटी तुमच्याकडे हवा दमट होते, वळवाचा पाऊस कधीही येतो. म्हणून होळीनंतर सुरू करून मेच्या मध्यापर्यंत आवरायचं. पहिल्या वर्षी तीनच गोष्टी करा. मेथी, गवार आणि सांडगी मिरची.

मेथी मात्र आत्ताच घ्या, हंगाम संपत आलाय आणि जुडी स्वस्त आहे. पानं खुडून, धुऊन, पाणी पूर्ण निथळवून घरातच सावलीत वाळवा. उन्हात पानं पिवळी पडतात आणि सत्त्वही जास्त जातं. बोटांत चुरडली की पूड झाली पाहिजे. गवारीच्या शेंगा मोडून, शिरा काढून, उकळत्या मिठाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवून काढा, मग उन्हात. या चटक्याने शेंगेतली बिघडण्याची क्रिया थांबते, रंग राहतो आणि पावसाळ्यात शिजतेही लवकर. पातळ ओढणी किंवा मच्छरदाणीचा तुकडा वर बांधा, कबुतरं आणि माश्या लांब राहतात. रोज ऊन उतरायच्या आत घरात आणा, दवात राहू देऊ नका. सांडगी मिरचीसाठी कमी तिखटाची जाड मिरची घ्या, चीर देऊन त्यात मेथी-धणे-मीठ-हिंग भरा. दिवसा उन्हात आणि रात्री दाट आंबट ताकात, असे चार-पाच दिवस ताक संपेपर्यंत. शेवटी कडकडीत वाळवा. मुगाच्या खिचडीबरोबर दोन तळल्या की भाजी नसली तरी मुलं जेवतात.

वाळवलेलं सगळं आधी आठवडाभर काचेच्या बरणीत, पाऊण भरून ठेवा आणि रोज एकदा हलवा. काचेला आतून किंचित जरी धुकं दिसलं तर परत उन्हात टाका. आठवड्यात धुकं नाही आलं तर डब्यात भरून सील करा. एवढी एक तपासणी केलीत तर ऑगस्टमध्ये डबा उघडताना धास्ती राहणार नाही.

काचेच्या बाटल्यांतल्या शिजवलेल्या भाज्या आणि डाळी मात्र अजिबात नाहीत. इथे मी माझं मत सांगत नाहीये, हा जिवाचा प्रश्न आहे. मातीत एक जंतू असतो, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. त्याची बीजं भाजीबरोबर घरात येतात आणि नुसत्या उकळण्याने मरत नाहीत. उघड्या हवेत तो काही करत नाही. पण बाटली हवाबंद केली आणि आत आंबट नसलेला पदार्थ असला, म्हणजे ज्याचा पीएच ४.६च्या वर आहे असा, तर तो वाढतो आणि विष तयार करतो. वास येतोच असं नाही, चव बदलतेच असं नाही. त्या विषाने नसा लुळ्या पडतात, श्वास थांबतो. अमेरिकेतल्या बायका यासाठी मापकाचा मोठा प्रेशर कॅनर वापरतात आणि प्रत्येक पदार्थाला प्रयोगशाळेत तपासलेली वेळ असते. आपला कुकरही १२० अंशांच्या आसपास जातो, हे खरं. पण घट्ट भरलेल्या बाटलीच्या मध्यापर्यंत ती उष्णता पोचायला किती वेळ लागतो हे आपल्या कुकरसाठी कुणी मोजून दिलेलं नाही, आणि शिट्ट्यांवरून ते कळत नाही. म्हणून भेंडी, मटार, गवार, राजमा, शिजवलेली डाळ, मांस-मासळी बाटलीत नाही. याच कारणाने तेलात बुडवलेला कच्चा लसूणही ओट्यावर ठेवू नका. फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. लसणाचं लोणचं करायचं असेल तर भरपूर लिंबाचा रस आणि मीठ घालूनच.

आपल्या आज्या-पणज्यांनी खार, साखर, ऊन आणि आंबटपणा यांवरच साठवण केली, त्यामुळे लोणचं, मुरांबा, आमसूल, कोकमाचं आगळ यांत हा धोका नाही. तुम्ही त्याच वाटेने जा.

थंडीत मटार स्वस्त असतो तेव्हा तुमच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात मावतील तेवढे दोन-तीन किलो सोलून ठेवा. त्याकरता डीप फ्रीजर घेऊ नका. तो चोवीस तास चालतो, विजेचं बिल मटारात वाचलेले पैसे खातं, आणि पावसात लाइट बराच काळ गेली की सगळं एकदम शिजवायची वेळ येते.

बाल्कनीतून भाजीचा खर्च भागत नाही. कढीपत्ता, गवती चहा, पुदिना, ओवा, दोन मिरचीची रोपं आणि एका जुन्या बादलीत अळू लावा. दोन-पाच रुपयांची ही खरेदी रोज होत असते आणि महिन्याचा हिशेब केला की ती जाणवते. महागड्या कुंड्या, मातीच्या पिशव्या, खतांचे डबे विकत आणू नका.

पापडांबद्दल मी तुम्हाला नाउमेद करणार आहे. उडदाचे पापड घरी करू नका. पीठ भिजवणं, कुटणं, लाटणं यात दोन बायकांचे दोन दिवस जातात. त्या दोन दिवसांत फॉल-बिडिंगच्या किती साड्या होतात आणि त्याचे किती मिळतात, ते कागदावर मांडा. बाजारातून महिलांच्या गटाकडून पापड घेणं तुम्हाला स्वस्त पडेल. कुरडयांचंही तसंच, गहू तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, चीक काढा, शिजवा, घाला. मुलांना आवडत असतील आणि सासूबाईंना हौस असेल तर एक दिवस सणासारखा करा, पण त्यातून पैसे वाचतात असं समजू नका. तुमच्या श्रमाला मोल आहे. बचत म्हटलं की घरातल्या बाईचा वेळ फुकट धरला जातो, आणि तसं धरूनच ‘घरचं स्वस्त पडतं’ असा हिशेब होतो. मला हे मनापासून खटकतं. डाळीला एरंडेल लावायला एक संध्याकाळ लागते, मसाल्याला दोन दिवस, मेथी वाळवायला बसल्या बसल्या अर्धा तास. जिथे थोड्या वेळात जास्त पैसे वाचतात तिथे हात घाला.

मिस्टरांच्या बोलण्याचा राग मानू नका. गेल्या वर्षी गहू आणि लोणचं दोन्ही गेलं, ते पैसे त्यांच्या डोळ्यासमोर आहेत. त्यांना पटवत बसण्यापेक्षा कामात घ्या. गव्हाचे डबे गच्चीवर नेणं-आणणं तुमच्या पाठीचं काम नाही, ते रविवारी त्यांचं. मोठ्या मुलाला डब्यांवर जिन्नस, महिना आणि किलो लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवू द्या. एका वहीत फक्त दोन आकडे लिहा, जुलैत भाजी-किराण्याला गेल्या वर्षी किती गेले आणि या वर्षी किती. गेल्या वर्षीचा आकडा आठवत नसेल तर दुकानदाराच्या उधारीच्या वहीत सापडेल.

विकण्याचं म्हणाल, तर या वर्षी नाही. आधी तुमचं लोणचं तुमच्या घरात पुढच्या एप्रिलपर्यंत टिकू द्या. दुसऱ्याच्या ताटात घालायचं म्हणजे जबाबदारी आहे, आणि खाद्यपदार्थ घरून विकायलाही अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. पुढच्या वर्षी करायचंच झालं तर एकच वस्तू निवडा. माझ्या मते तुमच्यासाठी मसाला. त्याला लोणच्यासारखी बिघडण्याची भीती कमी, आणि सोसायटीत ऑर्डर घेऊन, आगाऊ पैसे घेऊन कुटता येतो.

राहिला तो सात-आठ किलो गहू. आज दुपारी तो परातीत ओता आणि नाक जवळ नेऊन वास घ्या. कुबट, मातकट वास आला, दाणे एकमेकांना चिकटून गोळे झाले असले किंवा दाण्यावर काळी-हिरवी बुरशी दिसली, तर सगळा टाकून द्या. काही बुरशी अशी विषं सोडतात की ती भाजून, शिजवून जात नाहीत. निवडून चांगले दाणेही ठेवू नका आणि कोंबड्यांनाही घालू नका. वास स्वच्छ असेल, नुसते टोके असतील, तर कडक उन्हात पसरा. किडे उन्हातून आपोआप बाहेर पळतात, म्हणून पसरायचं ते गच्चीवर, घरात नाही. मग चाळा, पाखडा, पोकळ हलके दाणे फुंकरीने उडवा. पाण्यात घातलं की पोखरलेले दाणे वर तरंगतात, तेही काढून टाका. धुतलेला गहू त्याच दिवशी पसरून दोन दिवस वाळवा आणि चार किलो, चार किलो करत लगेच दळून आणा. तो परत साठवायचा नाही, आणि एप्रिलच्या नव्या गव्हाजवळ तर अजिबात ठेवायचा नाही. नवा गहू भरायचे रिकामे डबे गरम पाण्याने घासून, झाकणाच्या कडेची घडी काडीने साफ करून दोन दिवस उन्हात उपडे ठेवा. जुने टोके आणि पोखरलेले दाणे बहुतेक तिथेच अडकून राहिलेले असतात.